पुढचे शीड: गुंडाळायचे कसे, निवडायचे कसे

डोलकाठीच्या माथ्यापासून नाळेपर्यंत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, ताणलेल्या पोलादी दोराला फोरस्टे म्हणतात आणि त्याच्या आधाराने उभे राहणारे त्रिकोणी शीड म्हणजे पुढचे शीड. ते लहान असले तर जिब, मागचा कोपरा डोलकाठीच्याही मागे जाईल इतके लांब असले तर जेनोआ. रोलर फर्लर ही यंत्रणा हे शीड फोरस्टेभोवतीच गुंडाळते आणि उलगडते. फोरस्टेवर अ‍ॅल्युमिनियमची पोकळ नळी चढवलेली असते. नळीच्या खाचेत शिडाची पुढची कड सरकवलेली असते, पायथ्याशी ड्रम आणि माथ्याकडे स्वतंत्रपणे फिरणारा स्विव्हल. ड्रमवरची दोरी मागे कॉकपिटपर्यंत आणलेली असते. ती ओढली की ड्रम फिरतो, त्याबरोबर नळी फिरते आणि शीड चटईसारखे गुंडाळले जाते. ती सोडून शिडाच्या मागच्या कोपऱ्याला बांधलेला दोर, म्हणजे शीट, ओढली की ते पुन्हा उघडते. नाळेवर कोणाला जावे लागत नाही, आणि या यंत्रणेची खरी किंमत तीच आहे. वारा वाढलेला, होडी डोलणारी, डेक ओला आणि रात्रीची वेळ, अशा वेळी नाळेवर जाऊन हाताने शीड उतरवणे हे शिडाच्या होडीवरच्या सर्वांत धोकादायक कामांपैकी एक.

मराठी वाचकाला या विषयातली सर्वांत जवळची उदाहरणे गोव्यात बांधलेल्या दोन होड्यांची आहेत. व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला राहिले. भारतीयाने शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना त्यांची. त्यासाठी मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ‘म्हादेई’ बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून निघाले आणि मे २०१०मध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. पुढे अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३मध्ये त्याच होडीतून कुठेही न थांबता फेरी मारली. तिच्याच नमुन्यावर बांधलेली ‘तारिणी’ २०१७मध्ये आली. सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८मध्ये आणि दिलना के. व रूपा ए. या दोघींनीच २ ऑक्टोबर २०२४ ते २९ मे २०२५ या काळात तिच्यातून जगाची फेरी केली. होडी ५६ फुटांची, डोलकाठी सुमारे २५ मीटर उंच आणि हाताशी दोनच माणसे. त्यांतली एक झोपलेली असताना वारा वाढला तर जागी असलेलीला एकटीने शीड कमी करता आले पाहिजे. बंदरातल्या छायाचित्रांत ‘तारिणी’ची पुढची शिडे नाळेकडे गुंडाळलेली दिसतात, ती याचसाठी.

त्याच होडीबद्दलची आणखी एक गोष्ट निवडीच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची आहे. ‘तारिणी’ मुख्य शीड, पुढची शिडे, मागून येणाऱ्या वाऱ्यासाठीची शिडे आणि वादळी शीड अशी सहा शिडे बाळगते. गुंडाळता येणारे एक शीड सगळ्या वाऱ्यांना पुरते, असे तिच्या रचनेत कुठेच मानलेले नाही. फर्लर विकत घेणाऱ्या हौशी मालकाचा मात्र नेमका हाच समज असतो, आणि निवड चुकते ती बहुधा इथेच.

शीड गुंडाळण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये १९०७च्या सुमारास वाइकम-मार्टिन नावाचा फर्लर निघाला. त्यात खाली ड्रम आणि वर स्विव्हल एवढेच होते, नळी नव्हती. शीड स्वतःच्याच पुढच्या कडेतल्या तारेभोवती गुंडाळले जाई, त्यामुळे ते पूर्ण उघडे किंवा पूर्ण बंद एवढ्या दोनच अवस्था मिळत. खालचा ड्रम जितका फिरे तितका वरचा कोपरा फिरत नसे, म्हणून अर्धवट गुंडाळलेल्या शिडाचा काही उपयोग नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूची ताठ नळी आली आणि ड्रमचा पीळ माथ्यापर्यंत पोचू लागला. अर्धे शीड उघडे ठेवून चालणे तेव्हापासून शक्य झाले. आज फ्रान्सची प्रोफर्ल, स्वीडनच्या सेल्डेनची फर्लेक्स, अमेरिकेची हार्केन या आणि अशा अनेक कंपन्यांची यंत्रे मिळतात. त्यांच्यातले फरक आहेत, पण जाहिरातींत दिसतात तितके मोठे नाहीत.

खरेदीआधी पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की शीड फक्त बंद करून ठेवायचे आहे की वाऱ्याप्रमाणे कमी-जास्त करायचे आहे? वडिवळे किंवा पवना धरणाच्या पाण्यात दोन माणसांची छोटी डिंगी चालवायची असेल, किंवा खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र जसे पीकॉक बेमध्ये शिडाच्या होड्या चालवायला शिकतात तसे शिकायचे असेल, तर जिब चार-पाच चौरस मीटरची असते. ती हाताने खाली ओढली की काम झाले. धक्क्याला लागताना शीड आवरावे एवढीच गरज असेल, तर जुन्या पद्धतीचा ड्रम-स्विव्हल पुरतो. मावळातल्या तळ्यांवर वारा घाटावरून झोतांनी उतरतो हे खरे, पण किनारा नेहमी जवळ असतो. समुद्रावर तसे नसते. सकाळी आठला निघालेली होडी दुपारी तीनला दुप्पट वाऱ्यात असते आणि आसरा वीस मैलांवर. तिथे नळीची पूर्ण यंत्रणाच हवी.

वारा दुप्पट झाला की शिडावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. दहा नॉट वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला साधारण १.६ किलो पडतो, वीस नॉटला साडेसहा. तीस चौरस मीटरच्या शिडावर हा फरक सुमारे पन्नास किलो आणि दोनशे किलो इतका होतो. शीड कमी करावे लागते ते या गणितामुळे. किती मोठे शीड घ्यायचे हे ठरवतानाही हेच गणित समोर ठेवावे लागते.

पुढच्या शिडाचा आकार टक्क्यांत सांगतात. मागच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेवर लंब टाकायचा आणि तो डोलकाठी ते फोरस्टेचा पाया या अंतराच्या किती पट आहे ते पाहायचे. समजा हे अंतर ३.६ मीटर आहे आणि शिडाची पुढची कड १२ मीटर. लंब ३.६ मीटरचाच असेल तर शीड १०० टक्के, क्षेत्रफळ २१.६ चौरस मीटर. १३० टक्क्यांचे शीड २८ चौरस मीटरचे होते आणि १५० टक्क्यांचे ३२.४ चौरस मीटरचे. आता गुंडाळण्याची मर्यादा पाहा. चांगले शिवलेले शीड क्षेत्रफळाच्या पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत गुंडाळले तरी आकार धरून राहते. त्यापुढे ते होडी ओढायचे सोडून तिला आडवी ढकलू लागते. म्हणजे १५० टक्क्यांचे शीड जेमतेम १०५पर्यंत उतरते, १३०चे ९०च्या आसपास. मोठे शीड घेणाऱ्याला मंद वाऱ्यात थोडा वेग जास्त मिळतो, पण जोराच्या वाऱ्यात त्याच्याकडे लहान शीड उरतच नाही. शिवाय मोठ्या शिडाचे कापड मंद वाऱ्याला साजेसे हलके असते. वीस-बावीस नॉटमध्ये ते अर्धे गुंडाळून चालवले की ताणाने कायमचे सैल पडते. कोणत्याही एका शिडाने आठ ते तीस नॉटपर्यंत चालावे ही अपेक्षा कापडाकडूनच पुरी होत नाही.

कोकण किनाऱ्यावर हिशेब कसा लागतो? पावसाळा सोडला तर नोव्हेंबर ते मे या काळात मुंबई ते गोवा हा पट्टा बऱ्यापैकी ठरावीक वागतो. पहाटे जमिनीवरून मतलई वारा हलका वाहतो, नऊ-दहाच्या सुमारास तो पडतो, दुपारी वायव्येकडून खारा वारा धरतो आणि संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा नॉटवर राहतो. कधी त्याहून वर जातो. मुंबईहून मुरुड, जयगड, विजयदुर्ग, मालवण असे दक्षिणेकडे जाताना हा वारा मागून किंवा तिरका मिळतो आणि मोठे शीड आवडू लागते. परतीला तोच वारा तोंडावर येतो. मग तिरके-तिरके चढावे लागते, आणि तिथे लांबलचक जेनोआपेक्षा आटोपशीर, ताठ उभे राहणारे शीड कामाला येते. कोकणातले जुने तांडेल उत्तरेकडे येताना रात्रीचा मतलई आणि दिवसाचा खारा वारा आलटून पालटून वापरीत. आजच्या होडीलाही तीच युक्ती लागू आहे, फक्त त्यासाठी शीड दिवसातून चार वेळा कमी-जास्त करता आले पाहिजे. या किनाऱ्यावर फिरणाऱ्या तीस ते चाळीस फुटी होडीला १२५ ते १३५ टक्क्यांचे शीड हा योग्य मध्य आहे. १५०च्या मोहात पडू नये. सकाळचा मंद वारा अपुरा वाटला तर दक्षिणेकडे जाताना वेगळे हलके शीड लावता येते, नाहीतर एंजिन आहेच.

अरबी समुद्रातल्या तिरक्या परभाणाच्या, म्हणजे शीड बांधायच्या तिरक्या काठीच्या, गलबतांवर शीड गुंडाळून कमी करण्याची सोयच नव्हती. जोराच्या वाऱ्यासाठी लहान शीड वेगळे ठेवलेले असे आणि ते बदलायला पुष्कळ माणसे लागत. तेवढी माणसे तेव्हा असत. आता एका होडीवर बहुधा दोघेच असतात, नवरा-बायको किंवा दोन मित्र.

अर्धवट गुंडाळलेल्या शिडाचा आकार का बिघडतो हे समजले की शिवणकामातल्या एका खर्चाचे कारण कळते. शीड सपाट नसते, त्याला पोट असते आणि ते सर्वांत खोल मध्यभागी. गुंडाळताना वरचा आणि खालचा भाग घट्ट बसतो, मधले जास्तीचे कापड मात्र सैल राहते आणि उघड्या भागात फुगवटा जमतो. वारा वाढलेला असताना शीड सपाट हवे, आणि मिळते ते पोतडीसारखे. यावर उपाय म्हणजे पुढच्या कडेमागे फोमची पट्टी किंवा दोऱ्या शिवायच्या, मध्यभागी जाड आणि दोन्ही टोकांकडे निमुळत्या. मग मधला वेटोळा जाड होतो, प्रत्येक फेऱ्यात जास्त कापड खातो आणि पोट ओढले जाते. काही यंत्रांत खालचा आणि वरचा कोपरा नळीपेक्षा एक फेरा उशिरा फिरतो, त्याचाही परिणाम हाच. फक्त बंद करून ठेवायच्या शिडाला फोम लागत नाही. समुद्रावरच्या शिडाला तो नसेल तर यंत्र कितीही भारी घेतले तरी पैसे अर्धे वाया गेले असे समजावे.

शीड कमी केले की त्याचा मागचा कोपरा वर आणि पुढे सरकतो. शीट जिथून वळते ती डेकवरची पुली त्याबरोबर पुढे न्यावी लागते. नाही नेली तर शिडाचा माथा उघडून फडफडतो आणि खालची कड ताणली जाते. शिडाच्या पुढच्या कडेजवळ लोकरीचे धागे चिकटवलेले असतात. वरचा धागा खालच्याच्या आधी नाचू लागला तर पुली पुढे घ्यायची, खालचा आधी नाचला तर मागे. शीड शिवणाऱ्याकडून खालच्या कडेवर दोन-तीन ठिकाणी रंगीत खुणा करून घ्याव्यात आणि पुलीच्या रुळावरही त्याच रंगाच्या खुणा कराव्यात. अंधारात टॉर्चच्या उजेडात खुणेला खूण जुळवली की झाले.

मागचा कोपरा किती उंच असावा हा आवडीचा प्रश्न मानतात, पण कोकणात तो सुरक्षिततेचा आहे. शर्यतीच्या शिडाची खालची कड डेकला घासत असते, त्यात थोडा वेग मिळतो. पण वाऱ्याच्या आडबाजूचे समोरचे काहीच दिसत नाही. वसई, अर्नाळा, वर्सोव्यापासून पुढे किनाऱ्यालगत डोल जाळ्यांचे खुंट आणि दोर असतात. त्याहून बाहेर जाळ्यांचे फ्लोट, कधी साध्या प्लास्टिकच्या कॅनचे. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारी बंदी संपली की ते पुन्हा पाण्यात उतरतात. जाळे सुकाणूत किंवा पंख्यात अडकले तर कोळ्याचे नुकसान आणि होडीचे हाल दोन्ही होतात. खालची कड डेकपासून हातभर वर, मागचा कोपरा उंच असा काप घेतला तर शिडाखालून समोरचे दिसते. आणखी एक फायदा असा, की उंच कोपऱ्याच्या शिडात शीटचा कोन गुंडाळताना फारसा बदलत नाही, पुली कमी वेळा हलवावी लागते. या कापाच्या शिडाला यँकी म्हणतात, आणि फिरायच्या होडीसाठी तोच घ्यावा.

कापडाबाबत फार विचार करू नये. विणलेले पॉलिस्टर, म्हणजे डेक्रॉन, हेच फिरायच्या होडीचे कापड. थर चिकटवलेले शर्यतीचे कापड आकार छान धरते, पण रोज गुंडाळणे-उलगडणे आणि दमट हवा यांत थर सुटतात आणि मधे बुरशी शिरते. खरा शत्रू ऊन आहे. शीड महिनोन्महिने फोरस्टेवर गुंडाळलेलेच राहते, त्यामुळे त्याच्या मागच्या आणि खालच्या कडेवर उन्हाला टिकणाऱ्या कापडाची पट्टी शिवतात, गुंडाळल्यावर तेवढीच बाहेर दिसते. ही पट्टी शिडाच्या डाव्या अंगाला शिवायची की उजव्या हे ड्रम कोणत्या दिशेने फिरतो यावर ठरते. दोरी ड्रमवर उलटी भरली गेली तर शीड उलटे गुंडाळले जाते. पट्टी आत जाते आणि उघडे पांढरे कापड एका उन्हाळ्यात जळते. चूक लहान आहे, बंदरात दहा होड्या पाहिल्या तर एखादी तरी अशी सापडते. पट्टीचे कापड टिकते, तिचा दोरा आधी कुजतो. म्हणून दोन-तीन वर्षांनी शिवण नखाने खरवडून पाहावी. दोरा पिठासारखा सुटला तर पुन्हा शिवून घ्यायची वेळ झाली.

आता यंत्र. ते होडीच्या लांबीवरून निवडू नये. फोरस्टेच्या तारेची जाडी, तारेला धरणाऱ्या पिनेचा व्यास, होडीचे वजन आणि होडी एका हलची, म्हणजे धडाची, आहे की दोन हलची, यांवरून निर्मात्याच्या तक्त्यातला आकार ठरतो. सारख्या लांबीची जड फिरायची होडी आणि हलकी शर्यतीची होडी यांच्या फोरस्टेवर येणारे ताण वेगळे असतात. तक्त्यात होडी दोन आकारांच्या सीमेवर पडत असेल तर मोठा घ्यावा. डोलकाठीवर वाढणारे वजन थोडे, पण वादळात मिळणारा दिलासा मोठा.

नळी गोल किंवा लंबगोल असते. गोल नळी सुरुवातीपासून सारख्या जोराने फिरते. लंबगोल नळी वाऱ्याला किंचित बरी, पण पहिल्या फेऱ्याला हिसका मागते. कमी-जास्त गुंडाळायचे असेल तर गोल चांगली. नळीत दोन खाचा असाव्यात, म्हणजे गरजेला दुसरे शीड चढवता येते. ड्रमचे बेअरिंग दोन प्रकारचे. एकात ग्रीस भरून ते बंद केलेले असते, दुसऱ्यात प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या गोळ्या उघड्या असतात आणि गोड्या पाण्याने धुवाव्या लागतात. दोन्ही चालतात. बंद प्रकारात सील फाटले की दुरुस्ती कारखान्यातच होते. उघडा प्रकार साधा, पण प्रत्येक फेरीनंतर पाणी मारायला आळस केला तर मिठाने अडकतो. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत स्टीलचा स्क्रू बसला की दोन धातूंत गंज धरतो आणि स्क्रू कायमचा चिकटतो. बसवतानाच त्यावर गंजरोधक पेस्ट लावली नसेल, तर पाच वर्षांनी तो उघडत नाही, तुटतो.

फर्लरचा एक मोठा दोष कंपन्या ठळकपणे सांगत नाहीत. फोरस्टे नळीत लपतो आणि दिसेनासा होतो. तारेचा एखादा धागा तुटला, जोडाजवळ भेग पडली, तर बाहेरून कळत नाही. फोरस्टे तुटला तर डोलकाठीच कोसळू शकते. म्हणून तारेच्या दोन्ही टोकांना टॉगल, म्हणजे सगळ्या दिशांना हलणारा जोड, असलाच पाहिजे. गुंडाळलेल्या शिडाचे वजन वाऱ्यात हिंदकळते तेव्हा टॉगल नसेल तर सगळा वाक तारेच्या मुळाशी येतो. दहा-बारा वर्षांनी तार काही न बिघडताही बदलावी. जुनी होडी विकत घेताना फर्लर फिरतो की नाही हे सगळे बघतात, आतली तार किती वर्षांची हे फार थोडे विचारतात.

फर्लर अडकण्याचे सर्वांत सामान्य कारण माथ्यावर असते आणि खालून दिसत नाही. शीड वर चढवणारा दोर, हॅलियार्ड, डोलकाठीतून निघून स्विव्हलला येतो. त्या दोराचा आणि फोरस्टेचा कोन फार लहान असेल तर स्विव्हलबरोबर दोरही फोरस्टेभोवती वेढला जातो. माणूस खालून दोरी ओढतो, फिरत नाही म्हणून विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या चरकावर, घेतो, आणि विंचच्या जोराने नळी पिळली जाते किंवा तार तुटते. हॅलियार्ड फोरस्टेपासून निदान आठ-दहा अंशांनी मागे गेला पाहिजे. तेवढा कोन मिळत नसेल तर डोलकाठीच्या माथ्याशी दोर मागे धरणारी कडी बसवतात. शीड आखूड असल्याने स्विव्हल माथ्यापासून खाली राहत असेल, तर शिडाच्या वरच्या टोकाला तारेचा तुकडा जोडून स्विव्हल वर नेतात. उलट बाजूने, हॅलियार्ड अति ताणला तरीही स्विव्हल जड फिरतो. नियम साधा आहे. फर्लरची दोरी हाताने ओढून येत नसेल तर विंच वापरू नये, थांबून वर दुर्बिणीने पाहावे.

दोरीची मांडणीही अशीच साधी वाटते आणि फसवते. पहिली पुली अशी बसवावी की दोरी ड्रममध्ये काटकोनात आणि मध्यावर शिरेल. नाहीतर ती एका कडेला ढिगासारखी साचते आणि अडकते. मंद वाऱ्यात शीड सैल गुंडाळले जाते आणि फेरे कमी लागतात. जोराच्या वाऱ्यात ते घट्ट बसते आणि फेरे जास्त लागतात. म्हणून शीड पूर्ण उघडे असताना ड्रमवर गरजेपेक्षा चार-पाच फेरे जास्त दोरी भरलेली हवी. बंदरात शांत हवेत सगळे जमले म्हणून समाधान मानले, तर पंचवीस नॉटमध्ये दोरी संपते आणि शिडाचा मीटरभर तुकडा बाहेर फडफडत राहतो. उघडताना दोरी मोकळी सोडू नये, क्लीटवर, म्हणजे दोर अडकवायच्या खुंटीवर, एक वेढा ठेवून हळूहळू द्यावी. मिटवताना शीटवर थोडा ताण ठेवावा, म्हणजे वळी घट्ट बसते. वारा फार असेल तर होडी वाऱ्याच्या दिशेला वळवून पुढचे शीड मुख्य शिडाच्या सावलीत आणावे. दोरी मग एका हाताने येते.

वादळासाठी मात्र फर्लरवरचे शीड नव्हे. रूपा आणि दिलना यांना दक्षिण महासागरात पन्नास नॉटपर्यंतचे वारे लागले. अशा वाऱ्यात अर्ध्याहून जास्त गुंडाळलेले जेनोआ फोरस्टेवर उंच, जाड आणि पुढे असते, होडीचे नाक वाऱ्यापासून दूर ढकलते. डोलकाठी आणि फोरस्टे यांच्या मधे एक दुसरा, काढता-घालता येणारा स्टे असावा आणि त्यावर जाड कापडाचे लहान वादळी शीड चढवता यावे. शिडाचा जोर त्यामुळे होडीच्या मध्याकडे आणि खाली येतो. कोकणात फिरणाऱ्याला वर्षानुवर्षे त्याची गरज पडणार नाही, तरी तो स्टे बसवण्याची सोय फर्लर बसवतानाच करून घ्यावी. डेक नंतर पुन्हा फोडणे महागात पडते.

नांगरावर किंवा धक्क्याला असताना गुंडाळलेले शीड वाऱ्याने आपोआप उघडले, तर होडी दोर तोडून किनाऱ्यावर चढते. शीटचे दोन-तीन वेढे गुंडाळलेल्या शिडाभोवती घ्यावेत आणि ड्रम दोरीने बांधावा. चक्रीवादळाचा इशारा असेल तर एवढ्याने भागत नाही, शीड उतरवूनच ठेवावे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आले, तौक्ते पुढच्या वर्षी मेच्या मध्यात किनाऱ्याजवळून गेले. दोन्ही पावसाळ्याच्या तोंडावरची, ज्या वेळी बहुतेक होड्यांची शिडे अजून वर असतात.

जुनी होडी असेल आणि तिच्याकडे कड्यांनी अडकवायचे चांगले पुढचे शीड असेल, तर नवे शिवण्याआधी ते बदलून घेता येते का हे शीड शिवणाऱ्याला विचारावे. कड्या काढून पुढच्या कडेला नळीच्या खाचेत बसणारी टेप शिवायची, ड्रम आणि स्विव्हलची उंची वजा करून शीड आखूड करायचे आणि उन्हाची पट्टी लावायची. कापड कडक आणि कुरकुरीत असेल तर हा खर्च परवडतो. हातात धरल्यावर ते जुन्या चादरीसारखे मऊ पडले असेल तर परवडत नाही. मोजमाप शीडवाल्याने होडीवर येऊन घ्यावे. तारेची लांबी कागदावरून घेऊन शिवलेली शिडे दहा सेंटिमीटरनेही चुकली तरी स्विव्हल माथ्याशी भिडतो, आणि वर सांगितलेला हॅलियार्डचा घोळ तिथून सुरू होतो.

पैशांची ओढाताण असेल तर प्राधान्य कशाला? आधी चांगले शिवलेले, फोम घातलेले, उंच कोपऱ्याचे १३० टक्क्यांच्या आसपासचे डेक्रॉनचे शीड. मग साधे, एक आकार मोठे यंत्र. विजेवर चालणारा ड्रम शेवटी, आणि चाळीस फुटांखाली तो बहुधा नकोच. कारण बिघाड झाला तर हाताने फिरवायची सोय तशीही ठेवावी लागते.

कोकणात हे शीड मेअखेर उतरवायचे, गोड्या पाण्याने धुऊन सावलीत पूर्ण वाळवायचे आणि घडी न घालता सैल गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवायचे. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरली की ड्रम, स्विव्हल आणि माथ्याजवळचा हॅलियार्ड तपासूनच ते पुन्हा चढवावे.